ॲम्ब्युलन्स मागून येते, पण सांगायचं पुढच्याला

मागच्या महिन्यात ह्या सदरात जीपीएसबद्दल लिहिताना एक ओळ सहज टाकून दिली होती, की मागून ॲम्ब्युलन्स येतेय हे गाडीवाल्याला फोनवर आधीच कळलं तर किती बरं होईल, कोणीतरी बनवा राव असं काहीतरी. झालं, इनबॉक्स भरून गेला. बनवायला निघालेले आहेत, बनवू नका म्हणणारे आहेत, आणि एक ॲम्ब्युलन्स चालवणारे दादा पण आहेत, ज्यांचं पत्र मला सगळ्यात जास्त आवडलं. ह्या वेळी दुसरा विषयच नाही मग.

प्रश्न : सर, आम्ही चौघं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. ॲम्ब्युलन्सच्या ५०० मीटरच्या गोलात जेवढे ड्रायव्हर असतील त्या सगळ्यांना नोटिफिकेशन जाईल असं ॲप करतोय. निरोप पाठवायला गूगलची फायरबेस सर्व्हिस वापरणार. गाईड म्हणतात सोपं आहे, महिन्यात होईल. खरंच होईल का? — चार पार्टनर, पुणे

डेमो होईल. दोन फोन घेऊन कॉलेजच्या पार्किंगमध्ये फिराल, एक वाजेल, टाळ्या पडतील, मार्क पण मिळतील. रस्त्यावर मात्र ते चालणार नाही आणि त्याचं कारण तो तुमचा गोलच आहे.

लक्ष्मी रोडवर ॲम्ब्युलन्स आहे असं धरा. ५०० मीटरचा गोल काढलात की त्यात पाऊण चौरस किलोमीटरहून जास्त जागा येते, म्हणजे कुमठेकर रोड आला, बाजीराव रोड आला, मधल्या सगळ्या गल्ल्याबोळ आल्या, आणि ॲम्ब्युलन्स ज्यांना ओलांडून पुढे गेलीये ते पण आले. ह्यातल्या बहुतेकांचा तिच्याशी काही संबंध नाही. दिवसातून चार वेळा फोन उगाच बोंबलला की माणूस पाचव्या वेळी बघतच नाही, आणि सहाव्या दिवशी ॲप काढून टाकतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीये, ती तुमच्या ॲपचीच आहे असं समजा.

म्हणून अंतर मोजू नका, वेळ मोजा. ॲम्ब्युलन्स ताशी ४० किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. पुढची गाडी त्याच दिशेने ताशी २० ने चाललीये, म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेपाच मीटरने कमी होतंय. ३० सेकंद आधी सांगायचं तर १६५ मीटरवर सांगावं लागेल. तीच पुढची गाडी सिग्नलला उभी असेल तर ३३० मीटरवर. आणि तुमचा मेसेज ५ सेकंद उशिरा पोचला तर ॲम्ब्युलन्स तेवढ्यात ५५ मीटर पुढे आलेली असते, म्हणजे नकाशावर तुम्ही जिथे दाखवताय तिथे ती नसतेच मुळी.

आता खरी गोष्ट, जी मला स्वतःला कळायला बरेच दिवस लागले. मी एकदा सिग्नलला अडकलो होतो, मागे ॲम्ब्युलन्स, सायरन कानाशी, मला सगळं ऐकू येत होतं हो, पण हलणार कुठे? पुढे १० गाड्या, डावीकडे पीएमपी, उजवीकडे डिव्हायडर. ॲम्ब्युलन्सच्या लगेच पुढे जो असतो त्याला ॲपची गरज नसते, त्याला सायरन ऐकू येतोच, फक्त तो हलू शकत नाही. हलू शकतो तो रांगेत सगळ्यात पुढे असलेला माणूस, आणि त्याला ऐकू येत नाही. रांग पुढून मोकळी होते, मागून नाही. तेव्हा तुमचा अलर्ट आधी पुढच्याला गेला पाहिजे, मग त्याच्या मागच्याला, असा उलटा.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर मुंगी शिरायला जागा नसते आणि तरी ॲम्ब्युलन्स आली की गर्दी दुभंगते, त्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. तिथे काय होतं ते नीट बघा एकदा. कार्यकर्ते ॲम्ब्युलन्सच्या पुढे पळत असतात, हात करून पुढच्यांना सांगत असतात, ते आणखी पुढच्यांना सांगतात. गाडी पोचायच्या आधी निरोप पोचलेला असतो. तुम्हाला हेच करायचंय, फक्त फोनवर.

पण मग दुसरी अडचण येते, ती आकड्यांची. समजा शहरातल्या १०० पैकी २ गाड्यांत तुमचं ॲप आहे (विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला एवढे युजर म्हणजे स्वप्नच). सिग्नलला पुढच्या ओळींत १५ गाड्या आहेत. त्यात निदान एकाकडे तरी ॲप असेल अशी शक्यता शंभरात साधारण २६. म्हणजे चारातल्या तीन वेळा पुढच्या ओळींत कोणालाच काही कळत नाही. आणि त्या चौकात एक माणूस असा असतो ज्याला कळलं तर सगळ्या १५ गाड्या हलतात, तो म्हणजे ट्रॅफिक हवालदार किंवा वॉर्डन. ड्रायव्हरसाठी ॲप बनवायला निघालात हे ठीक आहे, पण तुमचा पहिला युजर तो आहे. "कोथरूडच्या बाजूने ॲम्ब्युलन्स, ४० सेकंद", एवढंच त्याच्या फोनवर मोठ्या अक्षरात आणि आवाजात. ड्रायव्हर नंतर बघू.

आता तुमच्या फायरबेसबद्दल. त्याचे पुश मेसेज कधी लगेच येतात आणि कधी चहा पिऊन येतात, वेळेची गॅरंटी नसते. अँड्रॉइड ६ पासून डोझ मोड आलाय, फोन निपचित पडला असला की सिस्टीम साधे मेसेज थोपवून ठेवते. अँड्रॉइड १० पासून बॅकग्राउंडला लोकेशन हवं तर वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती "कायम चालू" वाली परवानगी लोक देत नाहीत, मी पण देत नाही. त्यामुळे गाडी चालवताना फोरग्राउंड सर्व्हिस चालू ठेवायची, म्हणजे ॲप लपून नाही, उघडपणे चालू, वर एक नोटिफिकेशन दिसत राहील, राहू दे. आणि निरोप पाठवायला एमक्यूटीटी बघा, यंत्रांनी एकमेकांना बारके मेसेज पाठवायची ती एक पद्धत आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लांबून लक्ष ठेवायला, सॅटेलाइटच्या महागड्या लिंकवरून बारके मेसेज पाठवायला ते बनवलं गेलं, कमी डेटात चालतं. गाडीचा नंबर, जागा, वेग, दिशा, वेळ असा १०० बाइटचा मेसेज दर सेकंदाला पाठवला तरी तासाभरात फक्त ३६० केबी होतात, हल्ली लोक गुड मॉर्निंगच्या फोटोत ह्याहून जास्त घालवतात.

दुसरं म्हणजे ड्रायव्हरचं लोकेशन सर्व्हरवर मागवूच नका. नकाशाचे जिओहॅश चौकोन करा, म्हणजे प्रत्येक चौकोनाला अक्षरांचं नाव, अक्षरं जितकी जास्त तितका चौकोन लहान. सहा अक्षरांचा चौकोन आपल्याकडे साधारण १.२ किलोमीटर बाय ६०० मीटर पडतो. ड्रायव्हरचा फोन आपला चौकोन आणि आजूबाजूचे आठ एवढ्यांचे मेसेज ऐकतो, आणि ही ॲम्ब्युलन्स माझ्या कामाची आहे की नाही हे फोनच ठरवतो. सर्व्हर हलका राहतो आणि कोण कुठे आहे हे त्याला नेमकं कळत पण नाही.

दिशेच्या बाबतीत एक ठेच आधीच सांगून ठेवतो. जीपीएस दिशा सांगतं ते गाडी चालत असेल तेव्हा. गाडी थांबली की ती दिशा गरागरा फिरायला लागते, आता उत्तर, आता नैऋत्य. त्यामुळे वेग अगदी कमी झाला की आधीची चांगली दिशा धरून ठेवायची, नवीन घ्यायची नाही. सगळ्यांचं इथेच फसतं.

आणि उड्डाणपूल! मुंबईत मोहम्मद अली रोडवर जेजे फ्लायओव्हर आहे ना, अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या बरोब्बर खाली तोच रस्ता. ॲम्ब्युलन्स वर असली की खाली अडकलेल्या सगळ्यांचे फोन वाजणार, कारण नकाशावर दोन्ही एकाच रेषेत. उपाय म्हणजे गाडी पुलाच्या तोंडाशी कुठल्या बाजूला वळली ते लक्षात ठेवायचं, एकदा वर चढली की पूल संपेपर्यंत ती वरच आहे. ओएसआरएमसारखं फुकट सॉफ्टवेअर जीपीएसचे बिंदू नकाशावरच्या रस्त्याला जुळवून देतं ते इथे कामी येतं. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, ८ मीटर वर गेलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्याचीही मदत होते पण सगळ्या फोनमध्ये तो नसतो. (जेजेवर दुचाकींना बंदी आहे, म्हणजे तुमचा युजर दुचाकीवर असेल तर तो नक्की खाली आहे! निदान कायद्याने तरी.)

महिन्यात होणार नाही. पण करा.

प्रश्न : साहेब, मी बारा वर्षं ॲम्ब्युलन्स चालवतोय. तुमचा लेख वाचला. गाडीत पेशंट असतो, मागून नातेवाईक ओरडत असतात, दवाखान्यातून फोन येतो कुठवर आलात म्हणून. त्यात आणखी एक ॲप चालू करा, बटण दाबा, पेशंट उतरला की बंद करा, हे आमच्याच्याने होणार नाही. आणि दुसरं, स्पष्ट बोलतो, रिकामी गाडी पण सायरन लावून पळवणारे आमच्यात आहेत. मग लोक आम्हाला जागा का देतील? — एक ड्रायव्हर, कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र मी त्या चार पार्टनरांना जसंच्या तसं पाठवलंय, कारण सगळे जण गाडीवाल्याच्या फोनचा विचार करतात आणि ॲम्ब्युलन्समध्ये जो बसलाय त्याचा कोणी करत नाही.

तुम्ही काही दाबायचं नाही. सायरनच्या स्विचवरून वायर जाते तिथे १२ व्होल्ट येतो, तिथून एक बारीक वायर काढून ऑप्टोकपलरमधून (वायर थेट न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा बारका भाग) छोट्या बोर्डाला द्यायची, ईएसपी३२ म्हणतात तो बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, त्याला जीपीएस आणि सिमचं मॉड्यूल जोडायचं. सायरन लागला की बोर्ड बोलायला लागतो, सायरन बंद की गप्प. गाडीच्या वायरिंगचं काम मात्र पोरांनी स्वतः करू नये, तुमचा नेहमीचा ऑटो इलेक्ट्रिशियन असेल त्याच्याकडून, आणि गाडी ज्यांची आहे त्यांना विचारून. ऑप्टोकपलर कशाला तर गाडीच्या वायरिंगमधला झटका बोर्डात येऊ नये आणि बोर्डातला बिघाड तुमच्या सायरनपर्यंत जाऊ नये म्हणून. बोर्ड जळला तरी सायरन वाजला पाहिजे.

रिकाम्या गाडीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते बोलायला धाडस लागतं. पण सायरन लागला म्हणजे पेशंट आहे असं बोर्डाला कळत नाही, ते कॉलशी जोडावं लागेल. ॲम्ब्युलन्स ज्या ट्रस्टची असेल त्याच्या ऑफिसात जो माणूस कॉल घेतो त्याने कॉल उघडला तरच गाडीचे मेसेज पुढे जातील, कॉल बंद केला की थांबतील. एक मात्र लक्षात ठेवायचं, पेशंटला आणायला निघालेली गाडी पण रिकामीच असते आणि तिला पण घाई असते, म्हणून "आत कोणी नाही म्हणजे खोटं" असा नियम करून चालणार नाही.

आणि उद्या कोणी दीडशहाणा खोटी जागा पाठवून स्वतःच्या कारला ॲम्ब्युलन्स म्हणवून घेणार, हे होणारच. त्यासाठी प्रत्येक बोर्डाला स्वतःची डिजिटल किल्ली द्यायची, सर्व्हर ती तपासल्याशिवाय मेसेज घेणार नाही, आणि गैरवापर दिसला की तेवढी एकच किल्ली रद्द. मोबाईलमध्ये खोटं लोकेशन दाखवणं पोरखेळ आहे, म्हणून पण मला ॲम्ब्युलन्समध्ये फोन नको, बोर्डच हवा.

प्रश्न : मी ॲक्टिव्हावरून रोज घोडबंदर रोडने जाते. फोन डिकीत असतो. मला अलर्ट कसा कळणार? — ठाणे

नाही कळणार ताई. आणि त्यासाठी कानात इअरबड्स घालून गाडी चालवू नका, उलट बाहेरचा सायरन पण ऐकू यायचा नाही. दुचाकीवाल्याचे कान उघडे असतात, कारवाल्यापेक्षा तुम्हाला आधी ऐकू येतं. फक्त आरसे दुमडून ठेवत असाल तर ते उघडा.

प्रश्न : हे सगळं करण्यापेक्षा फोनच्या माइकने सायरन ओळखला तर? ॲम्ब्युलन्समध्ये काहीच बसवायला नको. एआय मॉडेल ट्रेन करता येईल. — नागपूर

कल्पना वाईट नाही, वेमोच्या बिनड्रायव्हरच्या गाड्या माइकने सायरन ऐकतात. पण त्यांचे माइक गाडीच्या बाहेर आहेत आणि तुमचा फोन काचा वर केलेल्या गाडीत, एसी चालू, गाणी चालू. हिशेब करा, सायरन जवळून ११० डेसिबल असेल तर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, तीन मीटरवरून शंभर मीटरवर जाईपर्यंत ३० गेले, राहिले ८०. बंद गाडीच्या काचा आणि पत्रा आणखी २५-३० खातात. उरले पन्नासेक, आणि आत तुमचा स्टिरिओ सत्तरला वाजतोय. म्हणजे ज्या अंतरावर माणसाला ऐकू येत नाही तिथे फोनला पण येत नाही, आणि ज्या अंतरावर फोनला येतं तिथे माणसाने ऐकलेलंच असतं. शिवाय वरातीतला डीजे, रिव्हर्स हॉर्न, ट्रकचे कर्कश हॉर्न, ह्या सगळ्यातून मॉडेलने सायरन निवडायचा.

जवळ येतेय की लांब जातेय हे आवाजाच्या पट्टीवरून ओळखू असंही तुम्ही पुढे लिहिलंय. ताशी ४० ने येणाऱ्या गाडीचा १००० हर्ट्झचा सूर उभ्या माणसाला साधारण १०३३ ऐकू येतो. पण सायरन स्वतःच शेकडो हर्ट्झ वर-खाली करत असतो, त्यात ते ३३ शोधणार कसे? आणि रस्त्यावर फिरताना सतत माइक चालू ठेवणारं ॲप तुम्ही स्वतः घ्याल का हो?

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो. इकडे ट्रॅफिक थांबलं की लोक आपोआप मध्ये गल्ली सोडतात, आणि माझ्या नवऱ्याच्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीमध्ये ॲम्ब्युलन्सची वॉर्निंग पण येते. भारतात हे का नाही? — म्युनिकहून

तुम्ही एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात. गोल्फच्या आठव्या पिढीपासून कार टू एक्स आहे, त्यात गाड्या एकमेकींशी थेट रेडिओवर बोलतात, ८०० मीटरपर्यंत, मोबाईल नेटवर्क नको की ॲप नको. पण त्यासाठी समोरच्या गाडीत पण तसलाच रेडिओ लागतो, आपल्याकडच्या जुन्या व्हॅन आणि दहा वर्षं वापरलेल्या कार बघता हे इतक्यात होणं नाही.

ती मधली गल्ली, जिला तिकडे रेटुंग्सगासं म्हणतात, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जर्मन वाहतूक नियमांच्या कलम ११ मध्ये ती लिहिलेली आहे, सगळ्यात डावीकडची लेन डावीकडे सरकते, बाकी सगळे उजवीकडे, आणि हे सायरन ऐकून नाही, ट्रॅफिक चालायच्या वेगावर आलं की तेव्हाच करायचं. नाही केलं तर २०० युरोपासून दंड, नावावर दंडाचे दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन्स बंद. म्हणजे तिथे निरोप पोचायची वाटच बघत नाहीत, जागा आधीच ठेवलेली असते. आपल्याकडे गाड्यांच्या मध्ये जेवढी फट राहील तेवढ्यात रिक्षा घुसते, आणि रिक्षा गेली की तीन दुचाक्या. म्हणून आपल्याला अलर्ट लागतो, आणि तोही अगदी वेळेवर, आधी दिला तर मोकळी झालेली जागा ॲम्ब्युलन्स यायच्या आत भरून जाते.

स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये ईव्हॅम नावाची सिस्टीम दाखवली होती, ती ॲम्ब्युलन्समधून एफएमवर सिग्नल सोडायची आणि पुढच्या गाड्यांतली गाणी थांबवून बोलायची. ॲप डाउनलोड करायची भानगडच नाही, मला ही फार आवडते. आपल्याकडे एफएमवर स्वतःहून काही सोडायचं तर परवाना लागतो, चार पार्टनरांनी गच्चीवर ट्रान्समीटर लावू नये. अमेरिकेत शिकागोची हास अलर्ट कंपनी फायर इंजिनमध्ये यंत्र बसवते आणि वॉर्निंग वेझ ह्या रस्ता दाखवणाऱ्या ॲपमध्ये दाखवते, म्हणजे माणूस ज्या नकाशावर आधीच बघतोय तिथेच. नवीन ॲप लोकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : म्हणजे माझं लोकेशन सगळीकडे जाणार, आणि उद्या रस्ता दिला नाही म्हणून घरी चलन येणार? — संशयी वाचक, नाशिक

चलन ॲपशिवाय पण येऊ शकतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ई आलं, इमर्जन्सी गाडीला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण ॲपमधून चलन फाडायला माझा ठाम विरोध आहे, कारण तसं झालं त्या दिवशी सगळे ॲप काढून टाकतील आणि बरोबर करतील. वर चौकोनांचं सांगितलंय तसं केलं तर सर्व्हरला तुम्ही कुठल्या गाडीत नेमके कुठे उभे होतात हे माहीतच नसतं, जे माहीत नाही ते कोणाला देणार? आणि हो, पुढे सिग्नल लाल असेल तर "तोडून जा" असं ॲपने कधीही म्हणायचं नाही. "मागून ॲम्ब्युलन्स, डावीकडे घ्या", बस.

तुमच्यापेक्षा मला पेशंटची काळजी आहे. ॲम्ब्युलन्स कोणाच्या दारात थांबली आणि तिथून कुठल्या दवाखान्यात गेली, ही रेषा म्हणजे कोणाच्या तरी घरातलं दुखणं आहे. घराजवळचे शेवटचे दोनतीनशे मीटर मेसेज पाठवायचेच नाहीत, गल्लीत तसाही त्याचा उपयोग नसतो, आणि बाकीचा मार्ग कॉल संपला की पुसून टाकायचा.

प्रश्न : सर, तुमचं उत्तर मेलवर मिळालं, थोडं टेन्शन आलं. सुरुवात कुठून करू? — पुन्हा चार पार्टनर

१०८ च्या मागे लागू नका, २०१४ पासून चालू असलेली राज्यभराची सेवा आहे, तुमच्यासाठी तिथे कोणी दार उघडून बसलेलं नाही. दोन-तीन ॲम्ब्युलन्स असलेला एखादा ट्रस्ट किंवा गणेश मंडळ शोधा, पुण्यात मंडळांच्या स्वतःच्या गाड्या असतात. एकच रस्ता घ्या, त्यावरचे दोनच चौक.

पहिले पंधरा दिवस कोड लिहायचा नाही. परवानगी घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसा, स्टॉपवॉच घ्या, गाडी कुठे थांबली, किती सेकंद, आणि कशामुळे, हे वहीत लिहा. सिग्नलमुळे, बसमुळे, की राँग साइडने आलेल्या टेम्पोमुळे. मग त्या दोन चौकांतल्या हवालदारांना चहा पाजा आणि विचारा किती सेकंद आधी कळलं तर उपयोग आहे. मी वर ३० म्हटलंय, ते मी खुर्चीत बसून म्हटलंय. ते १५ म्हणाले तर १५ धरा. वही भरली की मला फोटो पाठवा.